कुंकू लागलेला कागद

नऊ वर्षं मी सिंदीला, माझ्या गावी, गेलो नव्हतो आणि विचारणाऱ्याला रजा मिळत नाही असं सांगत होतो. खरं कारण सांगायची लाज वाटायची. मी अमेरिकेत कायमचा रहिवासी, ग्रीन कार्डवाला. पण तिथल्या पोलिसांनी मला एकदा अटक केली होती, तीही फुलं तोडल्याबद्दल. आमच्या सिंदीत सकाळी कुणाच्याही कुंपणातून देवासाठी चार फुलं घेतली तर कुणी काही म्हणत नाही, उलट मालकच वरची फांदी वाकवून देतो. त्याच सवयीने गणेश चतुर्थीला मी शेजारच्या गल्लीतल्या एका अंगणात शिरून लाल जास्वंद तोडत होतो. घरमालक म्हाताऱ्याने पोलिसांना फोन केला. पुढे कोर्टाने खटला रद्द केला, पण अटकेची नोंद राहिली ती राहिलीच. परदेशातून परतताना विमानतळावर अडवलं तर बायको आणि लेक तिकडे, मी इकडे, या धास्तीने मी कुठे हललो नाही. रोज गणपतीपुढे बसायचो, पण जास्वंद वाहायचं धाडस पुन्हा झालं नाही.

यंदा भावाचा फोन आला. आई अंगणात घसरली, मांडीचं हाड मोडलं, सावंगीच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलंय. मी तरीही दोन दिवस घोळ घालत बसलो, हे कबूल करतो. शेवटी बायकोनेच एका वकीलबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, जाता येईल. परतताना बाजूला बसवून विचारतील, तेव्हा लपवू नका आणि कोर्टाच्या निकालाची शिक्क्याची प्रत हातातल्या पिशवीत ठेवा.

ऑपरेशन छान झालं. दोन आठवड्यांत आई वॉकर धरून स्वयंपाकघरात उभी, आणि वीस वर्षं संसार केलेल्या वहिनीला गोळाभात शिकवते आहे. मी इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं. भावासोबत केळझरच्या गणपतीला जाऊन आलो. तिथे मी मागितलं काय, तर कोर्टाचा तो कागद हरवू नये.

निघायच्या सकाळी आईने तो कागद देवापुढे ठेवायला मागितला. मी आंघोळ करून येतो तर तिने त्यावर ओल्या कुंकवाचं बोट ओढलेलं. नऊ वर्षांची भीती त्या क्षणी रागाने बाहेर आली. दुखण्यातून उठलेल्या आईवर मी ओरडलो.

"सरकारचा असन तो कागद," ती म्हणाली, "पण तुह्या संग चालला ना? संग जाणाऱ्याले कुंकू नाई लावाव तं कोणाले लावाव?"

मी तिच्या पाया पडलो, पण मनातून धुमसतच विमानात बसलो.

अमेरिकेत उतरल्यावर व्हायचं तेच झालं. कार्ड तपासणाऱ्याने पडद्याकडे पाहिलं आणि मला आतल्या खोलीत पाठवलं. अधिकारी बाई पिकल्या केसांच्या होत्या. मी कागद पुढे केला. त्या घेऊन आत गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. स्तोत्र म्हणू गेलो तर दुसरी ओळ आठवेना. पाठ केलेली उत्तरंही विरून गेली. तेव्हा प्रथमच मी मनापासून म्हणालो, बाप्पा, मला काही जमत नाही, तूच बघ. म्हटलं आणि खरंच हलकं वाटलं.

बाई परत आल्या. हा लाल डाग कसला, त्यांनी विचारलं. कुंकू आहे, आईने लावलंय, प्रवासाला निघणाऱ्याला लावतात, मी सांगितलं. अटक कशाबद्दल, तेही सांगितलं. त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. दोन पानं भरून बारीक मजकूर, आणि कुंकवाचं बोट नेमकं एकाच ओळीवरून गेलेलं. खालची अक्षरं स्वच्छ दिसत होती. खटला रद्द, एवढीच ती ओळ.

"मला हीच ओळ हवी होती," बाई म्हणाल्या. "तुमच्या आईने शोधायचे कष्ट वाचवले."

त्यांनी शिक्का मारला. माझ्या आईला इंग्रजीचं अक्षरही येत नाही. ते बोट तिथेच कसं पडलं, मी विचारत नाही. बाहेर लेक धावत आली, तेव्हा मी हसत होतो की रडत होतो ते मलाच कळलं नाही.

आईला फोन करून ओरडल्याबद्दल माफी मागितली. तिने आधी जेवला का विचारलं आणि मग म्हणाली, "आता बाप्पाले जास्वंद वाहाजो. पण इचारून तोडजो, बापा."

नऊ वर्षं ती गल्ली टाळून मी लांबून जात होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच घराची घंटी वाजवली. म्हाताऱ्याने मला ओळखलं. मी म्हणालो, देवासाठी एक फूल हवं होतं. तो आत गेला, मला वाटलं दार लावणार. पण कात्री घेऊन आला आणि पाच फुलं कापून माझ्या ओंजळीत ठेवली. इतकी वर्षं मी देवापुढेसुद्धा हात घट्ट मिटूनच बसलो होतो. ओंजळ आधी उघडावी लागते, एवढंच मला शिकायचं होतं.