पाणकर समुद्रावर

माझा भाऊजी वारलू तसा वाईट माणूस नाही. फक्त त्याला पाण्यातलं सगळं कळतं. निदान चौऱ्याऐंशी सालापर्यंत तरी कळत होतं.

आरमोरीपासून सहा कोसांवर चिचटोला हे आमचं गाव. गावाला मालगुजारीच्या काळातला तलाव आहे आणि त्या तलावाचा वारलू पाणकर. पाणकर म्हणजे कोणाच्या धानाला कधी आणि किती पाणी सोडायचं हे ठरवणारा माणूस. तलावाच्या पाळीखाली दगडी मोरी असते, तिला आमच्याकडे तुडुम म्हणतात. ते उघडायचा हक्क गावानं एकट्या वारलूला दिला होता. बदल्यात सुगीला प्रत्येक घरून त्याला धान मिळे. सरपंचाचं गावात कोणी ऐकत नसे, वारलूचं सगळे ऐकत. त्यामुळे त्याच्या डोक्यात हवा गेली होती. ती अधूनमधून काढायचं काम साळा या नात्यानं माझ्याकडे होतं.

"बावीस वर्सं झाली," हे तो कोणी न विचारता सांगायचा. "माह्या हाताखालची एक बांधी मेली नाई."

बांधी म्हणजे धानाचा बांध घातलेला तुकडा. माझी बहीण गिरजाबाई यावर म्हणायची, "बायको मेली तं चालन याले, बांधी नाई मेली पायजे." मला वाटतं, वारलू त्यावर खरोखर विचार करत असावा.

अशा माणसाची जिवलग दोस्ती जुळली ती भुवड मास्तरांशी. मास्तर कोकणातले, गुहागरकडचे. कोणा साहेबाशी भांडले आणि बदली होऊन थेट आमच्या जंगलात येऊन पडले. वारलूच्या घरची एक खोली त्यांनी भाड्यानं घेतली. पहिल्या महिन्यात दोघांना एकमेकांचं बोलणं कळेना, म्हणून भांडण झालं नाही. कळायला लागेपर्यंत दोस्ती पक्की झाली. संध्याकाळी दोघं तलावाच्या पाळीवर बसत. मास्तर समुद्राबद्दल सांगत आणि वारलू म्हणे, "असन. पन आमच्या तलावाएवढा खोल नसन."

मास्तरांना एकच काळजी होती, गावी एकटी राहणारी म्हातारी आई. ती इकडे यायला तयार नव्हती, कारण तिचं तिथे भाताचं एक शेत होतं. मास्तरांच्या वडिलांनी बारा वर्षं टोपलीटोपलीनं चिखल टाकून, बांध घालून ते उभं केलं होतं. नवरा गेला तरी शेत पिकत होतं, आणि त्या एका शेतावर म्हातारीचं वर्षाचं पोट होतं. मुलाकडून ती एक पैसा घेत नसे.

चौऱ्याऐंशी साली आमच्याकडे पाऊस असा झाला की तलाव सांडव्यावरून वाहू लागला. बांध्या पाण्यानं तुडुंब. पाणकराला कोणी विचारेना. वारलू दिवसभर पाळीवर हात चोळत फिरायचा आणि घरी येऊन गिरजाबाईला स्वयंपाक शिकवायचा. शेवटी तीच मास्तरांना म्हणाली, "गुरुजी, दसऱ्याले गावाले जाऊन राह्यले ना तुम्ही? मंग याले घेऊन जा. समुद्रात टाकून आले तरी चालन."

मी आरमोरीच्या बसस्टँडवर नियंत्रक होतो. महाराष्ट्रातल्या सगळ्या गाड्यांच्या वेळा मला पाठ, पण स्वतः नागपूरच्या पुढे कधी गेलो नव्हतो. तरी वाट दाखवायला म्हणून मीही निघालो. बुधवारी निघालो तो आधी एस.टी., मग रेल्वे, मग पुन्हा दोन एस.ट्या असं करत शनिवारी दुपारी पोचलो. शनिवार-रविवार समुद्र पाहायचा आणि सोमवारी परत फिरायचं. दोन दिवसांच्या समुद्रासाठी सात दिवसांचा प्रवास, हा हिशेब फक्त आमच्याच खानदानात बसतो.

म्हातारीसाठी वारलूनं आपल्या बांधीतला चिनोर तांदूळ नेला होता. बारीक, सुवासिक, आमच्याकडे तो जावई आल्यावर शिजतो. म्हातारीनं मूठभर हातात घेतला, नाकाशी नेला आणि म्हणाली, "ह्याला वास येतो रं." मग तिनं आम्हाला तिच्या शेतातल्या लाल, जाड तांदळाचा भात वाढला. वारलूनं पहिला घास गिळला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आपल्याकडं असा तांदूळ कोंबडीले टाकतेत." मी त्याला मांडीला चिमटा काढला. पण खाल्ला मात्र त्यानं तीन वेळा मागून.

संध्याकाळी समुद्रावर गेलो. एवढं पाणी एका जागी पाहून मी हात जोडले, हे कबूल करतो. वारलू कमरेवर हात ठेवून शेजारचं वावर बघावं तसा बघत होता. मग वाकून ओंजळ भरली, तोंडात घेतली आणि थुंकला.

"एवढं पानी," तो म्हणाला, "आनं एका बांधीच्या कामाचं नाई."

तेवढ्यात भरतीनं त्याची एक चप्पल नेली. मास्तर हसत सांगू लागले, की हे पाणी रोज दोनदा चढतं, दोनदा उतरतं आणि ते सगळं चंद्र करतो. वारलूनं ते नीट ऐकून घेतलं. चप्पल गेली होती तरी विचारलं ते कामाचंच.

"चंद्राले किती धान देता?"

"काही नाही."

"मंग कसा काय तो येळेवर काम करते?"

समुद्राचं पाणी असं वारलूला समजावून झालं. पण घराच्या पाठीमागे, टेकडीच्या पलीकडे खाडी आहे आणि समुद्र तिच्यातूनही आत चढतो, हे कोणी सांगितलं नाही. सांगायचं मास्तरांना सुचलं नाही, आणि विचारायचं मला ठाऊक नव्हतं.

रविवारी उजाडता उजाडता वारलू टमरेल घेऊन टेकडीपलीकडे गेला. पुढचं त्यानंच मला नंतर सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यानं. टेकडी उतरल्यावर त्याला भाताचं शेत दिसलं. कोकणात त्या वर्षी गणपतीनंतर पाऊसच नव्हता. जमिनीला भेगा पडलेल्या, कणसं दाणा भरण्याच्या बेतात आणि पानं पिवळी पडत चाललेली. मास्तरांच्या आईचं शेत हेच, हे त्याला म्हातारीच्या बोलण्यावरून ठाऊक होतं. शेताच्या कडेला मातीचा उंच बांध होता. बांधावर चढून पाहिलं तर पलीकडे नदी. दोन्ही काठांना हिरवी झाडं आणि पाणी काठोकाठ. बांधात एक दगडी मोरी, तिच्या खाचेत लाकडी फळ्या बसवलेल्या, फटीत चिखल भरलेला. थेट आमचं तुडुम.

वारलूला राग आला. पाणी दारात उभं आहे, पीक मरून राहिलं आहे आणि इथला पाणकर कुठेतरी पडून घोरत असेल. शिवाय बाई एकटी, विधवा, तिला कोण पाणी देणार. आमच्याकडेही असंच चालायचं, वारलूच्या आधी. त्यानं टमरेल खाली ठेवलं, चिखल उकरला आणि एकेक करून चारही फळ्या उपसल्या.

पाणी घुसलं. तो बांधावर बसला, बिडी पेटवली आणि भेगा मिटताना पाहत राहिला. जन्मात एवढं सुख कधी झालं नव्हतं, असं तो म्हणाला. खालचे दोन तुकडे भरल्यावर तो घरी आला. म्हातारी चुलीशी होती, आम्ही पडवीत दात घासत होतो.

"माय," त्यानं जाहीर केलं, "तुमचं वावर ओलवून टाकलो. आता फिकर नका करू."

म्हातारी वळली. "कंच्या पान्यान?"

"नदीच्या."

"हितं नदी नाय," म्हातारी म्हणाली, आणि हातातली लाकडाची ढलपी तशीच घेऊन धावत सुटली. पासष्ट वर्षांची बाई टेकडी चढताना आमच्या तिघांच्या पुढे होती. धावता धावता मास्तरांनी आम्हाला सांगितलं, की ते पाणी खारं आहे, खाडीची भरती आहे, आणि त्या फळ्या पाणी घ्यायला नसून पाणी अडवायला आहेत. वारलूचा चेहरा तेव्हा मी पाहिला नाही, बरं झालं.

भरती अजून चढतच होती. फळ्या बसवायला गेलो तर पाण्याचा लोट त्या हातातून हिसकून घेई. दोन फळ्या तर शेतात वाहूनच गेल्या. मास्तर गावातल्या माणसांना हाका मारायला पळाले. मी काठावर उभा राहून मोठमोठ्यानं सल्ले देत होतो. वारलूनं अंगातला सदरा काढला, शेताच्या बाजूनं मोरीच्या तोंडाशी उतरला आणि दोन दगडांत पाय रोवून त्या भोकात पाण्याकडे पाठ करून बसला. नुसता बसला. पाणी थांबलं नाही, पण निम्मं झालं. त्याच्या खांद्यांवरून, काखेतून खारं पाणी येत होतं. तोंडात जाई, ते तो थुंके. थुंकायला वेळ मिळाला नाही की गिळे.

माणसं आली. त्याच्या दोन्ही अंगांनी चिखल, पेंढा, दगड भरत गेली. त्याला उठू दिलं नाही, कारण तो उठला असता तर सगळंच गेलं असतं. भरती पुरी व्हायला दोन तास लागले. ते दोन तास म्हातारी बांधावर उभी राहून त्याला शिव्या देत होती. कोकणी शिव्या मी पहिल्यांदाच ऐकल्या. त्यात त्याची आई, बाप, गाव, तलाव, सगळे आले, आणि एकही शिवी दुसऱ्यांदा आली नाही. वारलू मान खाली घालून ऐकत होता. मध्ये एकदा फक्त म्हणाला, "माय, बरोबर बोलून राह्यल्या तुम्ही."

मग पाण्याचा जोर गेला. थोड्या वेळानं नदी उलटी वाहू लागली. वारलूनं मान वळवून ते पाहिलं. समुद्रासमोर ज्यानं कमरेवर हात ठेवले होते, त्याचे दोन्ही हात आता गुडघ्यांवर होते. ओहोटीला लोकांनी मोरी मोकळी करून शेतातलं खारं पाणी काढून दिलं. वरचे पाच तुकडे वाचले, खालचे दोन गेले.

त्याच्या पाठीची सालटी निघाली होती. म्हातारीनं पाणी तापवलं, त्याला अंगणात बसवलं आणि स्वतः पाठीवर ओतलं. वर खोबरेल लावलं. ओतताना ती मास्तरांना म्हणाली, "मुद्दाम नाय केलान त्यानं. पन एवडा पान्यातला मानूस, आदी चाखून कसा नाय बगितलान?" वारलूला शिव्या लागल्या नव्हत्या, हे लागलं.

निघताना तिनं सांगितलं, की जमिनीतला खार उतरायला तीन पावसाळे लागतात. तोवर त्या दोन तुकड्यांत काही येत नाही. वारलूनं तिच्या पायावर डोकं ठेवलं. परतीच्या चार दिवसांत त्यानं मला एकदाही सांगितलं नाही, की बावीस वर्षांत आपल्या हाताखालची एक बांधी मेली नाही.

गावी आल्यावर त्यानं लोकांना जमवलं, सगळं सांगितलं आणि दुसरा पाणकर पाहा म्हणाला. लोक पोट धरधरून हसले, कारण मी मध्ये मध्ये भर घालत होतो. मग म्हाताऱ्या देवाजीनं डोळे पुसत विचारलं, "भोकात कोन बसला होता?" "मीच." "मंग तूच ऱ्हा."

तो राहिला. पण त्यानंतर पाणी सोडायच्या दिवशी तुडुमाशी जाऊन तो आधी ओंजळभर पाणी तोंडात घेई, मगच भोकातली खुंटी काढी. शंभर वर्षांचा गोड्या पाण्याचा तलाव, आणि हा त्यात मीठ शोधतो आहे. पाळीवरून बाया विचारत, "काऊन वारलूभाऊ, खारं लागते का?" तो गंभीरपणे सांगे, "नाई. गोडं हाय." पूर्वीचा वारलू असता तर त्या बाईच्या बांधीला आठ दिवस पाणी मिळालं नसतं.

दर मे महिन्यात मास्तर गावी जात. परतले की वारलू एकच विचारी, "वावर काय म्हनते?" पहिली दोन वर्षं मास्तर म्हणाले, वर पांढरं मीठ फुटलंय. तिसऱ्या वर्षी म्हणाले, रोप आलं, पण दाणे पोचट. तिन्ही वेळा वारलू जेवायला न बसता पाळीवर निघून गेला. मला त्याची टिंगल करायची होती. जमली नाही, वाईट वाटलं.

अठ्ठ्याऐंशीच्या जूनमध्ये मास्तर परतले ते एक फडक्याचं गाठोडं घेऊन. वारलूच्या पुढ्यात ठेवलं. आत न कांडलेलं भात होतं.

"त्याच खालच्या दोन तुकड्यांतलं," मास्तर म्हणाले. "आई म्हणाली, त्याला सांग, आधी चाखून बघ."

वारलूनं चार दाणे दातांनी सोलले आणि चावत बसला. खूप वेळ चावले. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं, पण गिरजाबाईनं माझ्याकडे पाहिलं, तसं ते मिटलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं, तोंडात गेलं, आणि ते तरी खारंच असणार. "गोडं हाय," तो म्हणाला. मग बाहीनं नाक पुसून, "पन लय जाडं हाय बुवा."

ते भात त्यानं रांधू दिलं नाही. पेरलं. आता म्हातारी नाही, मास्तरही बदली होऊन गेले. पण वारलूच्या बांधीत, पाटाच्या तोंडाशी, दरसाल हातभर रुंदीची लाल जाड धानाची पट्टी असते. गावात ते कोणी खात नाही. आणि कोंबड्या तिकडे फिरकल्या की तो सत्तरीचा माणूस ढेकूळ घेऊन त्यांच्यामागे धावतो.