दैवशालाने न लिहिलेला लेख

जुन्या जालन्यातल्या दैवशालाला गल्लीतल्या बाया 'लेखिकाबाई' म्हणायच्या तेव्हा ती लाजून पदर सारखा करायची. अठरा वर्षं तिने बालवाडीत पोरांना गाणी शिकवली. बालवाडी बंद पडली, तशी पुण्याला दिलेल्या लेकीने, आकांक्षाने, तिला मोबाइलवर ब्लॉग काढून दिला. भगर मोकळी कशी करावी, नैवेद्याच्या ताटात उजवीकडे काय वाढावं, अनारसा तुपात का हसतो, असलं ती त्यावर लिहायची. शेवटी न चुकता 'तुमचीच दैवशाला' आणि बाजूला तिचा हळदीकुंकवातला फोटो.

वाचणाऱ्या म्हणजे देवीच्या देवळातल्या भजनी मंडळाच्या बाया. बऱ्याच जणींना वाचता येत नाही. म्हणून मंगळवारी आरती झाली की शेजारची वंदना मोबाइलवरून लेख मोठ्याने वाचायची. आता, आरतीनंतर देवळात जे वाचलं जातं त्याला कुणी फाटे फोडत नाही. पोथी असो की मोबाइल, ऐकायचं, हात जोडायचे, प्रसाद घ्यायचा आणि घरी जायचं.

दिवाळीनंतर दैवशालाने इंटरनेट मार्केटिंगच्या एका कोर्सला नाव घातलं. ब्लॉगवरून घरबसल्या कमाई, असं ते होतं. नियम एकच, रोज एक लेख पडलाच पाहिजे. तिच्याच्याने आठवड्याला एक व्हायचा. तेव्हा कोर्सचे सर, ज्यांचा तिने फक्त आवाज ऐकला होता, म्हणाले, "ताई, टूल लावून देतो. तुमचे जुने लेख वाचून ते तुमच्यासारखंच लिहितं. फक्त पासवर्ड पाठवा."

तिने पाठवला. दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला लेख आपोआप पडू लागला. पहिले दोन तिने कौतुकाने वाचले. हुबेहूब तिचीच बोली, खाली 'तुमचीच दैवशाला'. मग पापडांचा हंगाम आला. देवळात जाणंही दोन मंगळवार चुकलं. स्वतःचंच लिहिलेलं परत काय वाचायचं, असं तिला वाटायचं. ते आपण लिहिलेलं नाही, हे ती विसरूनच गेली होती.

गुरुवारी सकाळी भाजीच्या गाड्यावर वंदना भेटली.

"काकू, तुमच्या आईचं आयकून सगळ्यांच्या डोळ्यांत पानी आलं बरं का."

"माझ्या आईचं काय?"

"अवो, शुगरचं. गोळ्या सोडल्या अन् त्या चूर्णावर ठणठणीत झाल्या. ह्या वयात शेतात जातेत म्हणं."

दैवशालाच्या हातातली भेंडी हातातच राहिली. तिच्या आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती. शुगरनेच गेली होती. आधी पाय कापला, मग ती गेली.

"वंदना, कुनी गोळ्या सोडल्या का गं?"

"आपल्या मंडळातल्या द्वारकाबाईंनी. मागल्या आठवड्यात, त्याच मंगळवारी. डबा माझ्याच मोबाइलवरून मागवला. तो घेऊन लेकीकडं गेल्या, अंतरवालीला. मी म्हणलं, डॉक्टरला इचारा. तर म्हणल्या, दैवशाला खोटं लिहिनार न्हाई."

दैवशालाने तिथेच मोबाइल उघडला. लेख होता. तिचा फोटो होता. 'माझ्या आईने गोळ्या बंद केल्या', आणि खाली चूर्ण मागवायची लिंक. लेख काढून टाकायला गेली तर मोबाइल पासवर्ड चुकीचा म्हणाला. सरांचा नंबर लागेना. द्वारकाबाईंचा फोन बंद.

ती घरी धावली. नवरा, धर्मराज, एमआयडीसीतल्या लोखंडाच्या मिलमधून पाळी करून नुकताच आला होता. चहाचा कप तोंडाला लावत म्हणाला, "काय लेखिकाबाई, आज तोंड का उतरलं?"

तिने सांगितलं. त्याने कप खाली ठेवला.

"पासवर्ड देऊन टाकला? म्हणजे घराची चावी रस्त्यानं जानाऱ्याला द्यायची, अन् मंग कुलूप हलवून पाहात बसायचं." असं म्हणत तो उठला आणि त्याने मोटारसायकल काढली.

अंबडपर्यंत ती मनात दिवसच मोजत होती. नऊ दिवस गोळी नाही. आईचं असंच सुरू झालं होतं, आधी तहान, मग झोप. धर्मराजच्या पाठीमागे डोळे मिटून तिने देवीचा धावा केला. आई, द्वारकाबाईला काही होऊ देऊ नको. आणि त्याच दमात मनातून निघालं, आणि हे कुणाला कळू देऊ नको. दुसरं मागणं तिचं तिलाच ऐकू आलं, आणि मग तिला स्वतःचीही भीती वाटायला लागली.

अंतरवालीच्या चौकात चहाच्या टपरीवर घर विचारलं. दारात द्वारकाबाईंची लेक सुरेखा उभी होती.

"आई झोपली. दोन दिवसांपासून झोपूनच राह्यली. उठती, तांब्याभर पानी पिती, परत झोपती."

आत खाटेवर द्वारकाबाई होत्या. उशाशी चूर्णाचा डबा. ओठ वाळून पापुद्रे आलेले. दैवशालाने हाक मारली तर डोळे अर्धेच उघडले.

"आलीस का? सांग बाई हिला. चूर्नाला येळ लागतो."

शेजाऱ्याची जीप मिळाली. अंबडला दवाखान्यात बोटातून रक्त घेतलं, तर मशीनच्या मोजमापाच्या बाहेर साखर गेली होती, आकडाच उमटेना. सलाइन लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत काही सांगता येणार नाही. गोळ्या बंद आहेत हे सुरेखाकडून कळलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "गोळ्या कुणी बंद करायला सांगितल्या?"

सुरेखा काही बोलायच्या आत द्वारकाबाईच पुटपुटल्या, "कुनी न्हाई. मीच इसरले."

देवीने दैवशालाचं दुसरं मागणं ऐकलं होतं. आता गप्प राहिलं की झालं, कुणी काही विचारणार नव्हतं. पहिलं मागणं मात्र खाटेवर पडलं होतं, तोंड उघडं टाकून श्वास घेत.

"मी सांगितलं," ती म्हणाली. "माझ्या नावानं लिहिलं गेलं. दुसऱ्यानं लिहिलं, पन नाव मी दिलं. अन् मी ते वाचलं न्हाई."

सुरेखाने तिच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "आणखी किती जणींनी ऐकलं?"

मंडळात एकतीस बाया होत्या. त्यातल्या कुणाकुणाला शुगर आहे, हे दैवशालाला माहीत नव्हतं. ओसरीतल्या बाकड्यावर बसून तिने फोन लावायला सुरुवात केली. नंबर धर्मराज लावून देत होता. पहिला उषाबाईंचा. खूप वेळ नुसती रिंग गेली, तेवढ्यात तिच्या मनात काय काय येऊन गेलं.

"उषाबाई, मी दैवशाला. तुम्हाला शुगर हाय का? असली तर गोळ्या घेता ना बराबर?"

"आता कशाला? तुम्हीच तर लिहिलं ना."

"न्हाई, उषाबाई. आधी तो चूर्नाचा डबा खाली ठेवा, अन् जवळ कोन हाय त्याच्याकडं फोन द्या. मंग सगळं सांगते."