ती फक्त औरसांसाठी रडते

आधीच सांगते, मी अकाउंटंट आहे. मूळची पुण्याची, आता परदेशात, मरीन परेड भागातल्या एका उंच कॉन्डोत राहते, आणि भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. अमावास्येला खुशाल केस कापून येणारी बाई मी! त्यामुळे ‘एसीचा आवाज असेल’ असं कृपा करून कमेंटमध्ये लिहू नका... ते कॉन्डोच्या मॅनेजमेंटचं सांगून झालंय.

शेजारी डेस्मंड अंकल राहायचे. रिटायर्ड शिक्षक, एकटेच. वडील आयर्लंडच्या एका जुन्या घराण्यातले बॅरन, म्हणजे लॉर्ड. आई इथलीच, चिनी. दोघांचं इथे चर्चमध्ये रीतसर लग्न झालेलं, पण नोंदी युद्धात जळाल्या. वडील गेल्यावर तिकडच्या चुलत्यांनी ‘लग्न झालंच नव्हतं’ म्हणत किताब स्वतःकडे घेतला. आपल्याकडची भाऊबंदकी निदान बांधावरून होते हो... इथे थेट बाईच्या अब्रूवर! अंकलना लॉर्ड व्हायचंच नव्हतं. “माझ्या आईला एकदा बायको म्हणा,” एवढंच ते जन्मभर मागत राहिले.

कधी हसत सांगायचे, “आमच्या घराण्यामागे एक बाई आहे. कुणी जायच्या आधी खिडकीबाहेर रडते. पण फक्त औरसांसाठी — ही चुलत्यांचीच फुशारकी! माझ्यासाठी आली तर त्यांना कळव हं.” मी नुसती मान डोलवायचे.

एका शनिवारी भर दुपारी मी रवा भाजत होते. अचानक बाईचं रडणं ऐकू आलं. मयताच्या घरी बायका गळा काढतात ना, तसं. तीनदा चढत गेलं.

“ममा, हूज क्राइंग? सो सॅड लाह,” इथलीच बोली उचललेली माझी लेक म्हणाली.

आवाज खिडकीबाहेरून येत होता. आमचा मजला अकरावा, बाहेर बाल्कनीसुद्धा नाही. मी धावत जाऊन अंकलचं दार वाजवलं. ते धडधाकट उभे, डोळ्यांत पाणी.

“तुलाही ऐकू आलं?”

“हो, अंकल.”

त्यांनी माझा हात घट्ट धरला. “म्हणजे आई खरं सांगत होती.”

संध्याकाळी खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

अंत्यविधीला सध्याचे लॉर्ड आले, अंकलचे चुलत पुतणे. अंकलच्या अस्थी ठेवायच्या जागी लावायची पाटी मी लिहून काढली होती. त्यात त्यांच्या आईच्या नावापुढे ‘पत्नी’ होतं. साहेबांनी नेमकं त्यावर बोट ठेवलं. “हे खोडा.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, “त्या दुपारी खिडकीबाहेर एक बाई रडत होती.”

तो पांढराफटक पडला. “तीनदा? चढत जाणारं?”

मी हे सांगितलंच नव्हतं!

“हो. आता बोला, यांच्या आईला काय म्हणायचं?”

“वारा असेल, मॅडम,” म्हणाला आणि टॅक्सी बोलावून निघून गेला. वारा म्हणे!

अकराव्या मजल्याबाहेर ती बाई कशावर उभी होती, मला आजही सांगता येत नाही. ‘पत्नी’ मात्र मी खोडलेलं नाही. संगमरवरात कोरून घेतलंय. हिंमत असेल तर यावं त्याने छिन्नी घेऊन.