कीबोर्डची ओळख

पोफळीच्या वीजघरातून निवृत्त झालेले एक गृहस्थ रोज सकाळी आमच्या वाचनालयातल्या एकुलत्या एक संगणकापुढे बसत. मी शेजारी पेपर वाचत असे, पण नाव कधी विचारलं नाही. पुस्तकांची सगळी नोंद त्या संगणकात अडकली होती, म्हणून ते त्याचा गाभा, म्हणजे कर्नल, नव्याने बांधत होते. संगणकाला जोडलेलं कुठलं यंत्र ओळखायचं, असं कर्नल एकेक करून विचारी. हे चष्मा पुसत, मान तिरकी करत आणि ‘हो’ म्हणत.

“वाचनालयात गाडीच्या खेळातल्या स्टिअरिंगलाही ‘हो’ कशाला?” मी एकदा विचारलं.

“उद्या कोणी आणलान तर? ‘तू कोण’ म्हणायचं काय त्याला?”

अखेर काम पुरं झालं. ग्रंथपाल बाईंनी नारळ फोडला. पडदा उजळला, त्यावर नाव विचारलं गेलं. गृहस्थांनी बटणं दाबली, पण एक अक्षर उमटेना. शोधल्यावर कळलं, एवढ्या प्रश्नांत त्यांनी एकदाच ‘नाही’ म्हटलं होतं, ते कीबोर्डला.

“तो रोज हाताखालीच असतो हो,” ते ओशाळून म्हणाले. “त्याची काय ओळख सांगायची, असं वाटलं.”

घरी येऊन मी बायकोला विचारलं, “कशी आहेस?”

तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.