मामांच्या जखमेचं दर्शन

दुसरं महायुद्ध संपलं त्या सुमारास शेतात फिरताना माझ्या मामांच्या पायात उसाचा बुडखा घुसला. मामा लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांना मधुमेह होता, पण तो त्यांनी मान्य केलेला नव्हता. गूळ आपल्याच शेतातला, तो आपल्याला कसा बाधेल, असा त्यांचा सवाल असे. उंब्रजहून सांगलीच्या दवाखान्यात आणलं तेव्हा पाय घोट्यापर्यंत सुजला होता. डॉक्टर म्हणाले, "या आजारात शरीराला जंतूंशी झुंजायचं बळ उरत नाही. इन्शुलिन देतो, नवीन पेनिसिलिनही टोचतो. पण पट्टी आमच्याशिवाय कुणी सोडायची नाही. नाहीतर पाय गुडघ्यापासून काढावा लागेल."

मामांनी ऐकून घेतलं, फेटा सारखा केला आणि दुपारी पट्टी सोडली. गावाकडून पाहुणे आले होते. आमच्याकडे जखम न बघता परत जाणं म्हणजे न भेटताच जाणं.

"आवं सुभेदार, लय खोल गेलंय की!" एकाने बोट पुढे केलं.

"बोट काय घालतोस? लांबनं बघ," मामा म्हणाले. आवाजात चक्क अभिमान होता.

मी जंतू म्हणजे काय ते समजावलं. पाहुण्यांनी माना डोलावल्या आणि पेढ्यांचा पुडा मामांच्या उशाशी ठेवला. तो उचलला म्हणून मी हावरट ठरलो. रोज हेच. ताप चढत होता, डॉक्टर माझ्यावर ओरडत होते आणि मामा पुढच्या तुकडीची वाट बघत होते.

मग एक दिवस त्यांचा चुलतभाऊ उगवला. बांधावरून दोघांचं जुनं वैर.

"बघू रं, किती कुजलाय?"

मामांनी झटकन पायावर चादर ओढली. "काय न्हाई. मुंगी चावलीया."

"मुंगीसाठी सांगली गाठलीस व्हय?"

"माझा पाय, माझी मुंगी. तुला काय करायचंय?"

मी त्या गृहस्थांना बाहेर नेऊन हातच जोडले, म्हटलं, पाय बरा होईपर्यंत इथंच राहा. ते राहिले, खाटेसमोरच्या बाकावर, पायावर नजर रोखून. पाहुणे आले की मामा डोळ्यांनी बाकाकडे खुणावत आणि कुजबुजत, "त्यो हाय तवर न्हाई." चुलतभावाला बाहेर काढल्याशिवाय मामा डॉक्टरांनाही पट्टीला हात लावू देईनात.

एक बोट गेलं, पाय राहिला. डॉक्टरांनी श्रेय पेनिसिलिनला दिलं. मी वाद घातला नाही.

निघताना चुलतभाऊ म्हणाले, "आता तरी दाखव की रं."

मामांनी पाय धोतराखाली घेतला आणि ते माझ्यावर खेकसले, "टांगा बोलीव."