देवीच्या पदरावरचं एकडोळं

पदराच्या दशांना गाठी मारता मारता पुष्पलताबाईंचा हात अर्ध्यातच थांबला. पदरावर विणलेल्या बुट्टीला जीभ होती.

चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं. वटवाघळासारखे पंख, मधोमध बटबटीत एकच डोळा, खाली दातांची रांग आणि त्यातून लोंबणारी जीभ. लाल टसर रेशमावर अशी अकरा ध्यानं. साडी देवीची, म्हणून खाली टाकता येईना. आणि मांडीवर ठेववेना.

साडी विणली होती त्यांच्या यजमानांनी, नत्थूजींनी. बाराव्या वर्षी ते गोळीबार चौकातल्या हातमागावर बसले, ते साठ वर्षं उठलेच नाहीत. भाऊबंद कोणी वाडीच्या गोदामात लागले, कोणी ऑटो घेतला. यांनी मात्र हुडकेश्वरला घर बांधताना आधी मागाची खोली आखली, मग देवघर. तो राग बाईंनी अजून सोडलेला नाही. तरी यजमानांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नवस त्यांनीच बोलला: नजर आली तर कोराडीच्या देवीला यांच्याच हातची करवतकाठी साडी. नजर आली. अष्टमी परवावर येऊन ठेपली होती.

"सोनिका! इकडं ये वं."

लेक धावत आली. ती घरीच बसून कॉम्प्युटरच्या खेळांसाठी चित्रं काढते. पदर पाहून तिनं तोंडावर हात ठेवला.

"आई, हे तर माझं भूत! बाबांसाठी मोर काढला होता, तो कागद याच्या खाली होता. त्यांनी वरचाच उचलला!"

"कोनतं भूत?"

"खेळातलं. उडत येते, चाटते. मारलं की पुढच्या भागात पुन्हा हजर. पाचवा भाग चालू आहे. लोकांना लई आवडते."

"आवडते? चाटते ते?" बाईंनी पदर दोन बोटांत धरला. "देवीच्या खांद्यावर बसून कोनाले चाटीन वं हे?"

सोनिकाला हसू आलं, ते तिनं आईचं तोंड पाहून गिळलं. "बाबांना नको सांगू. दीड महिना विणलं त्यांनी. कोणाला कळते?"

"देवीले कळते."

नत्थूजी आतून आले. "काय झालं वं? गाठी झाल्या नाही अजून?"

बाईंनी काही न लपवता सांगितलं. नत्थूजींनी पदर खिडकीच्या उजेडात धरला.

"मलेही वाटलंच होतं," ते म्हणाले. "मोराले दात काहून, म्हनून दोनदा उठलो विचारायले. मंग म्हटलं, पोरीनं पयल्यांदा नक्षी काढून देल्ली, आपन काहून खोट काढाची?"

सोनिकाची मान खाली गेली.

त्यांनी सुई मागितली. बुट्टीचा धागा वरून घातलेला असतो. तो ओढून काढला तरी साडीचा पोत राहतो. आधी पंख गेले, मग जीभ. डोळा मात्र शेवटपर्यंत बघत राहिला. निघालेल्या धाग्यांना बाईंनी हात लावला नाही, चिमट्यानं उचलून कागदात बांधले. तीनदा हात धुतले, तरी अंगठा ओलाच वाटत राहिला.

"अकराही जागा उघड्या दिसतीन," नत्थूजी म्हणाले. "सुईनं कमळं भरू. सोनिका, काढ तू. पन या बारीनं कागद हातात आनून दे."

"आनि दात नको त्याले," बाई म्हणाल्या.

चिमटा घासून उन्हात ठेवून बाई कमळांसाठी पिवळ्या रेशमाच्या दोन लडी आणायला इतवारीच्या बाजारात निघाल्या.