खारुताईपाशी

संध्याकाळी विरजण मागायला शेजारच्या सुधीरभाऊंकडे गेले, तेव्हा ते सहा वर्षांच्या लेकीला, मुक्ताला जवळ घेऊन तिच्याकडून गोष्ट वाचून घेत होते. मुक्ता एका शब्दापाशी अडली. ‘खा’ म्हणाली आणि थांबली. मला राहवेना. मी सांगणार, तोच भाऊंनी हात वर करून मला थांबवलं. ते स्वतः अक्षराखाली बोट धरून निवांत बसून राहिले. मला तो वेळ फार मोठा वाटला.

“खा... रु... खारुताई,” मुक्ता म्हणाली आणि त्यांच्याकडे बघून हसली.

“मी सांगितलं असतं की,” मी म्हटलं.

“मग तो श... श... शब्द तुमचा झाला असता, वहिनी.”

भाऊ लहानपणापासून अडखळत बोलतात. त्यांचं वाक्य अडलं की समोरचा ते घाईने पुरं करून टाकतो. मीही अनेकदा केलंय. दुसऱ्याने तोंडातला शब्द काढून घेतला की काय वाटतं, हे त्यांना पुरतं ठाऊक आहे. पण त्याचा कडवटपणा होऊ न देता त्यांनी त्यातून धीर कमावला, आणि तो सगळा लेकीला दिला.

मी विरजण घेऊन निघाले, तेव्हा मुक्ता पुढच्या ओळीवर अडली होती. दोघांनाही कसलीच घाई नव्हती.